सिंहासनावर पादुका नसतात तेव्हा

‘आपण मूळचे कुठले?’ हा प्रश्न मराठीत इतक्या सहजपणे विचारला जातो की त्यात बरेच काही गृहीत धरलेले आहे, हे विचारणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. माणसाला एक मूळ असते, ते एखाद्या भूभागात असते आणि माणूस कुठेही गेला तरी ते तिथेच त्याची वाट पाहत थांबते, असे ते गृहीत आहे. ज्याच्या आजोबांना एका रात्रीत घर सोडावे लागले, ज्या गावाचे नावही पुढे बदलले गेले आणि जिथे जाण्याचा परवाना त्याला या जन्मी मिळण्याची शक्यता नाही, अशा माणसाला हा प्रश्न विचारला की तो उत्तर देण्यापूर्वी क्षणभर थांबतो. निर्वासितांच्या संस्कृतीविषयी आणि अस्मितेविषयी जो वाद अधूनमधून उफाळून येतो, त्यातल्या दोन्ही बाजूंनी त्या थांबण्याकडे नीट पाहिलेलेच नाही, असे माझे मत आहे.

एका बाजूला साहित्यप्रेमी असतात. त्यांच्या मते देशाबाहेर फेकल्या गेलेल्या माणसाला एक वेगळीच नजर लाभते, दुःखाने प्रतिभेला धार येते आणि जगातली कितीतरी थोर निर्मिती अशाच परागंदा माणसांनी केलेली आहे. दुसऱ्या बाजूला संस्कृतिरक्षक असतात. त्यांच्या मते मातीपासून तुटलेली संस्कृती म्हणजे उपटलेले रोप. ते टिकवायचे असेल तर जसेच्या तसे जपले पाहिजे, नाहीतर दोन पिढ्यांत त्याचा पाचोळा होतो. या दोघांचे भांडण जोरात चालते, पण दोघांचीही मूळ समजूत एकच आहे. संस्कृती ही बोचक्यात बांधून नेण्याची वस्तू आहे, असे दोघेही मानतात. एकाला वाटते की वाटेत तिला झळाळी चढते, दुसऱ्याला वाटते की ती वाटेत सांडते. मला असे वाटते की निर्वासनाचा खरा परिणाम वेगळाच असतो. मायदेशात जी गोष्ट माणूस सवयीने करत असतो, ती परमुलखात त्याला ठरवून करावी लागते. मुलांशी कोणत्या भाषेत बोलायचे, मृताला कसा निरोप द्यायचा, कोणता दिवस पाळायचा, हे पूर्वी कोणी ठरवत नव्हते. ते होत होते. आता प्रत्येक गोष्ट करायची की सोडायची याचा निर्णय घ्यावा लागतो. निर्वासितांच्या संस्कृतीत जे उत्तम आहे ते या निर्णयांतून आले आहे आणि तिच्यात जे जाचक आहे तेही त्यांतूनच आले आहे.

आपली भाषाच या बाबतीत आपली थोडी दिशाभूल करते. परागंदा, देशोधडी, हद्दपार, निर्वासित, विस्थापित असे शब्द आपल्यापाशी आहेत, पण आपल्या मनावर खरी पकड आहे ती ‘वनवास’ या शब्दाची, आणि वनवासाला मुदत असते. रामाला चौदा वर्षे, पांडवांना बारा वर्षे आणि वर एक वर्ष अज्ञातवासाचे. मुदत संपली की परत यायचे असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रामाच्या मागे भरत असतो, जो सिंहासनावर पादुका ठेवून चौदा वर्षे ती जागा रिकामी राखतो. जाणाऱ्याची जागा त्याच्यासाठी थांबून राहील, हे आश्वासन त्या कथेच्या पोटात आहे. इतिहासातल्या निर्वासितांना मुदत सांगितली जात नाही आणि त्यांच्या मागे कोणी पादुका ठेवत नाही. घरात दुसरे कोणी राहायला येते, शेताचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर चढतो, शाळेतल्या धड्यांतून त्यांचा उल्लेख गळतो. म्हणून निर्वासनाला वनवास म्हणताना आपण नकळत त्याला एक शेवट देऊन टाकतो, जो त्याला बहुधा नसतो.

याच शब्दाचा दुसरा गैरवापर म्हणजे नोकरीसाठी परदेशी गेलेल्याने स्वतःच्या आठवणींना वनवास म्हणणे. त्याची हुरहुर खोटी नसते. मात्र त्याच्या खिशात परतीचे तिकीट आणि वैध पारपत्र असते, आणि हा फरक केवळ सोयीचा नव्हे, तो स्वरूपाचा आहे. ज्याला परत जाता येते, त्याचे न जाणे हा त्याने केलेला निवाडा असतो. ज्याला परत जाता येत नाही, त्याच्याविषयी निवाडा दुसऱ्याने केलेला असतो. हे दोन अनुभव एकाच रकान्यात भरल्यामुळे या चर्चेतला बराच गोंधळ निर्माण झालेला आहे.

आता साहित्यप्रेमींचा मुद्दा, त्याच्या सर्वांत भक्कम रूपात. दान्ते या इटालियन कवीला १३०२ साली त्याच्या फ्लॉरेन्स शहराने हद्दपार केले आणि सापडल्यास जिवंत जाळण्याची शिक्षा फर्मावली. तो पुन्हा कधीच आपल्या शहरात गेला नाही. १३२१ साली राव्हेन्नात वारला. त्याचे महाकाव्य या भटकंतीत घडले, आणि त्याच काळात त्याने लोकभाषेविषयी एक ग्रंथ लिहायला घेतला, ज्यात इटलीतल्या निरनिराळ्या बोलींची तो एकामागून एक पारख करतो. फ्लॉरेन्समध्ये सुखाने राहिला असता तर इतक्या बोली त्याच्या कानांवर पडल्या असत्या का? एका शहराच्या बोलीपलीकडे जाणाऱ्या, साऱ्या इटलीच्या साहित्यभाषेचा विचार त्याला तितक्या निकडीने सुचला असता का? व्हिक्टर ह्यूगोने १८५१ च्या सत्तापालटानंतर फ्रान्स सोडला. १८५९ साली माफी जाहीर झाली तेव्हा ती नाकारली आणि त्याची सर्वांत प्रसिद्ध कादंबरी गर्न्सी बेटावर राहून पूर्ण केली. दुरून पाहिल्यावर काही गोष्टी अधिक स्पष्ट दिसतात, हे मान्य करायलाच हवे. मला ते मान्य आहे.

पण ही मोजदाद कशाची आहे? आपण दान्ते मोजतो, कारण त्याचे काव्य आपल्या हाती आले. जे गप्प झाले त्यांची मोजदाद कोण करणार? स्टेफान झ्वाइग हा त्या काळातला जगभर वाचला जाणारा लेखक होता. त्याने १९३४ मध्ये ऑस्ट्रिया सोडला आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्राझीलमध्ये पत्नीसह आत्महत्या केली. आपल्या भाषेचे जग आपल्यापुरते बुडाले आहे, असे त्याने अखेरच्या टिपणात लिहून ठेवले. ज्याला नाव होते, पैसा होता, वाचक होते, त्याची ही गत झाली. योसिफ ब्रॉडस्की या रशियन कवीला सोव्हिएत सरकारने १९७२ मध्ये देशाबाहेर काढले. १९८७ मध्ये त्याला नोबेल मिळाले आणि निर्वासनाने प्रतिभा कशी फुलते याचा दाखला म्हणून त्याचे नाव घेण्याची प्रथा पडली. त्याच्या आईवडिलांनी मुलाला भेटण्यासाठी परवानगीचे अर्ज वर्षानुवर्षे केले, ते दर वेळी फेटाळले गेले आणि मुलाचे तोंड पुन्हा न पाहताच ती दोघे वारली. त्यांच्याविषयी त्याने लिहिले ते इंग्रजीत, रशियनमध्ये नाही. ज्या भाषेच्या राज्यकर्त्यांनी त्यांना कोंडून ठेवले, त्या भाषेबाहेर तरी त्यांना मोकळे होता यावे, अशी त्याची भावना होती. हा प्रसंग प्रतिभेच्या जमाखर्चात कोणत्या बाजूला मांडायचा?

शिवाय या कौतुकात एक नैतिक घोटाळा आहे. निर्वासनाने महाकाव्य दिले असे म्हटले की, ज्यांनी हाकलले त्यांच्या वाट्याला नकळत थोडे श्रेय जाते. फ्लॉरेन्सने पाचशे वर्षांनंतर, १८२९ मध्ये, दान्तेसाठी एका चर्चमध्ये भव्य समाधी उभारली. ती आजही रिकामी आहे. अस्थी राव्हेन्नातच आहेत. ज्या शहराने जाळण्याची शिक्षा दिली, त्याने पुढे अभिमान बाळगावा यात विशेष काही नाही, सगळीच शहरे तसे करतात. तिऱ्हाइताने मात्र त्या शहराचे काम सोपे करू नये.

आणखी एक गोष्ट साहित्यप्रेमी विसरतात. एकट्याचे निर्वासन आणि समूहाचे निर्वासन यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि हा फरक साम्राज्यांना पक्का ठाऊक होता. ब्रिटिशांनी १८५८ साली बहादूरशहा जफरला दिल्लीहून रंगूनला नेले आणि १८८५ साली ब्रह्मदेशाचा राजा थिबॉ याला पदच्युत करून पुढे रत्नागिरीला आणून ठेवले. एक १८६२ मध्ये रंगूनमध्ये वारला, दुसरा १९१६ मध्ये रत्नागिरीत. दोघांनाही मारले नाही, कारण मारल्याने हुतात्मा होतो. त्यांना फक्त भाषा, दरबार, पुरोहित, गवई आणि प्रजा यांच्यापासून तोडले, आणि तेवढे पुरले. रत्नागिरीत ब्रह्मी संस्कृतीचे कोणते केंद्र उभे राहिले? एकही नाही, थिबॉच्या एका मुलीचे वंशज तिथल्या समाजात मिसळून गेले. निर्वासन हेच जर निर्मितीचे बीज असते, तर त्या वाड्यात काहीतरी उगवायला हवे होते. उगवण्यासाठी ऐकणारे लागतात, भांडणारे लागतात, चुका काढणारे लागतात. म्हणजेच निर्णय घेणारा समूह लागतो.

इथे संस्कृतिरक्षक पुढे सरसावतील आणि म्हणतील, आम्ही तेच तर सांगतो. समूह टिकवा, बंधने घट्ट करा. त्यांच्या भीतीला आधार आहे, आणि तो कमी लेखणे अप्रामाणिकपणाचे होईल. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६८५ मध्ये प्रॉटेस्टंटांना धर्मस्वातंत्र्य देणारा नांतचा आदेश रद्द केला आणि दीड ते दोन लाख ह्युगनॉट प्रॉटेस्टंट देशाबाहेर पडले. इंग्रजीतला निर्वासितवाचक शब्द प्रथम याच लोकांसाठी रूढ झाला. इंग्लंडमध्ये त्यांनी विणकामात नाव काढले, प्रशियात त्यांचे स्वागत झाले, १६८९ मध्ये बर्लिनला त्यांच्यासाठी फ्रेंच विद्यालय निघाले आणि ते आजही चालू आहे. तरीही काही पिढ्यांत त्यांच्या घरांतली फ्रेंच संपली आणि उरली ती आडनावे. तिथे त्यांना कोणी छळले नव्हते. किंबहुना छळ नव्हता म्हणूनच ते विरघळले. शाळा, छापखाना, प्रार्थनास्थळ आणि आपसांतली लग्ने यांपैकी काहीच धरून ठेवले नाही तर भाषा जाते, हा अनुभव जगभरचा आहे.

तरीसुद्धा ‘जसेच्या तसे जपा’ हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे पाहायला सर्वांत जुने आणि सर्वांत यशस्वी मानले जाणारे उदाहरणच घेऊ. इसवी सनपूर्व सहाव्या शतकाच्या आरंभी नबुखद्नेस्सरने जेरुसलेम जिंकले, मंदिर उद्ध्वस्त केले आणि तिथल्या प्रतिष्ठित ज्यू लोकांना बाबिलोनला नेले. त्या काळाच्या आठवणीतून आलेल्या स्तोत्रात नदीकाठी बसलेले लोक विचारतात की, परक्या भूमीत आम्ही आमच्या देवाचे गीत कसे गावे? हा आक्रोश सगळ्यांना आठवतो. त्याच सुमारास यिर्मया संदेष्ट्याने जेरुसलेमहून पाठवलेले पत्र मात्र फारसे कोणी उद्धृत करत नाही. त्यात तो सांगतो, घरे बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्या नगराचे भले चिंता. म्हणजे एकाच धर्मग्रंथात दोन्ही उत्तरे शेजारीशेजारी आहेत. आणि प्रत्यक्षात काय झाले? मंदिर नव्हते, त्यामुळे तिथले यज्ञबली बंद झाले. मंदिरावाचून पाळता येईल अशा गोष्टींना, म्हणजे शब्बाथाला (आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाला), आहारनियमांना आणि ग्रंथाच्या वाचनाला, पूर्वी नव्हते इतके महत्त्व आले. आज ज्यू पंचांगात जी महिन्यांची नावे आहेत ती बाबिलोनी आहेत. त्यांतल्या तम्मूझ या महिन्याचे नाव तर चक्क एका बाबिलोनी देवाचे आहे. हिब्रूची आजची चौकोनी लिपी अरमाईक लिपीतून आलेली आहे. मायदेशातून आणलेले म्हणून जे अडीच हजार वर्षे जपले गेले, त्यातला केवढा तरी भाग परमुलखात घडलेला किंवा तिथून उचललेला आहे. हे बनावट आहे का? मुळीच नाही. तीच त्या परंपरेची ताकद आहे. पण मग ‘जसेच्या तसे’ या शब्दांना अर्थ काय उरला?

या कथेचा पुढचा भाग अधिक बोचरा आहे. इराणच्या कुरूशने इसवी सनपूर्व ५३९ मध्ये बाबिलोन जिंकले आणि परतीची वाट मोकळी झाली. बरेच जण गेलेच नाहीत. त्यांच्या पिढ्या तिथेच रुजल्या. निप्पूर नगरातल्या एका सावकारी पेढीच्या मातीच्या लेखांत इसवी सनपूर्व पाचव्या शतकातली ज्यू नावे व्यवहार करताना दिसतात, आणि पुढे कित्येक शतकांनी तयार झालेला बाबिलोनचा तालमूद, म्हणजे धर्मनियमांच्या चर्चेचा ग्रंथ, जेरुसलेमच्या तालमूदपेक्षा अधिक प्रमाण मानला गेला. जे परतले त्यांच्याविषयी बायबलमधल्या एज्राच्या ग्रंथात एक प्रसंग आहे. परतलेल्यांपैकी काहींनी आसपासच्या स्त्रियांशी लग्ने केली होती. समूहाची शुद्धता राखण्यासाठी त्या बायकांना आणि त्यांच्या मुलांना सोडून द्यावे, असे ठरले. भर पावसात चौकात जमलेल्या लोकांनी त्याला संमती दिली. ज्यांना स्वतःला घराबाहेर काढले गेले होते, त्यांच्याच वंशजांनी परत येऊन दुसऱ्या कोणाला घराबाहेर काढले. सवयीने होणारी लग्ने आता अस्मितेची कसोटी झाली होती. निर्णयाची जी ताकद मंदिरावाचून धर्म उभा करते, तीच ताकद बायकामुलांना दाराबाहेरही उभी करते. म्हणून निर्वासितांच्या संस्कृतीचे सरसकट गोडवे गाणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही.

याचा आधुनिक आणि सौम्य नमुना आपल्या जवळच सापडतो. फाळणीनंतर भारतात आलेल्या सिंधी भाषकांना स्वतःचे राज्य नव्हते, फक्त भाषा होती. १९६७ मध्ये तिला राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात जागा मिळाली. पण त्या आधीपासून आणि नंतरही एक वाद धुमसत राहिला, सिंधी लिहायची कशात? अरबी वळणाच्या लिपीत की देवनागरीत? पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की, लिपी सोडली तर सारे जुने साहित्य नातवंडांना परके होईल. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, ज्या मुलांच्या शाळेत देवनागरी आहे त्यांच्यावर आणखी एक लिपी लादली तर ती मुले भाषाच सोडतील. दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि दोन्ही लिप्या चालू राहिल्या. गंमत अशी की ज्या लिपीला मूळची म्हणून जपायचे होते, तीही १८५३ मध्ये ब्रिटिश सरकारने प्रमाण म्हणून ठरवून दिलेली होती. त्या आधी व्यापाऱ्यांच्या वह्या वेगळ्याच लिप्यांत लिहिल्या जात. सिंधमध्ये राहिले असते तर या प्रश्नावर कोणी रात्री जागवल्या नसत्या. लिपी ही तिथे सवय होती. इथे ती भूमिका झाली.

तिबेटी लोकांच्या बाबतीत हा बदल अधिक खोल गेला. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्या मागोमाग हजारो लोक आले. स्वदेशात यांतला माणूस स्वतःला आधी खाम, आम्दो किंवा उ-त्सांग या प्रांताचा समजत असे. सगळ्यांसाठी एकच ‘तिबेटी’ ही ओळख रोजच्या जगण्यात ठसठशीत झाली ती मुख्यतः निर्वासनात, एकाच शाळेत आणि एकाच वसाहतीत राहिल्यामुळे. १९५९ मध्येच त्यांनी नृत्य-नाट्य जपणारी संस्था काढली, आणि १९६० मध्ये लोकप्रतिनिधींची सभा स्थापन केली, जी तिबेटच्या इतिहासात कधीच नव्हती. १९६३ च्या संविधानाच्या मसुद्यात तर दलाई लामांचे अधिकार काढून घेण्याची तरतूद होती आणि ती घालण्याचा आग्रह स्वतः त्यांचाच होता. २०११ मध्ये त्यांनी राजकीय सत्ता निवडून आलेल्या नेत्याकडे सोपवली. एकाच वर्षाच्या आसपास एकाच समाजाने एका हाताने जुने नृत्य जसेच्या तसे जपायला घेतले आणि दुसऱ्या हाताने शेकडो वर्षांची राज्यपद्धती मोडायला घेतली. यातले कोणते अस्सल तिबेटी? जो संस्कृतिरक्षक फक्त नृत्याला अस्सल म्हणेल, त्याला संस्कृती म्हणजे काचेच्या कपाटातली वस्तू वाटते असे मला वाटेल.

कोणी असेही म्हणेल की निर्णय घेणे हा तर सगळ्या आधुनिक माणसांचा भोग आहे. शहरात आलेला शेतकरीही सवयी मोडून निर्णय घेतो, मग निर्वासिताचे वेगळेपण ते काय? हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. माझे उत्तर असे आहे की, शेतकऱ्याने शहरात जी सवय सोडली ती गावात कोणीतरी पाळत असतो. त्याच्या विसरण्याने ती गोष्ट जगातून नाहीशी होत नाही. निर्वासिताला मात्र सतत असे वाटत राहते की, आपण विसरलो तर ती गोष्टच संपेल, कारण मागे उरलेल्यांना ती पाळू दिली जात आहे की नाही, याची त्याला खात्री नसते. त्याच्या प्रत्येक लहान निर्णयावर एका आख्ख्या जगाचे वजन पडते. ओव्हिड या लॅटिन कवीला रोमच्या सम्राटाने इसवी सन ८ मध्ये काळ्या समुद्राच्या काठी तोमिस इथे धाडले. तिथून लिहिलेल्या एका काव्यपत्रात तो कबूल करतो की, सांगायला शरम वाटते, पण मी इथल्या गेटी लोकांच्या भाषेत एक काव्य रचले आहे. ते काव्य आज उपलब्ध नाही. नवी भाषा शिकल्याची शरम वाटावी, हे घरी राहिलेल्याला कळणार नाही. स्थलांतर केलेला माणूस नवी भाषा आली की पेढे वाटतो.

हे वजन समाजात सारखे वाटले जात नाही, हेही सांगितले पाहिजे. परंपरा ठरवण्याचा अधिकार बहुधा ज्यांना मायदेश आठवतो अशा वडीलधाऱ्यांकडे असतो, आणि ती पाळून दाखवण्याचे काम बायकांकडे आणि मुलींकडे असते. मुलगा बाहेर जाऊन यजमान देशाची भाषा, पोशाख, रीत उचलतो तेव्हा ती व्यवहाराची गरज ठरते. मुलीने तेच केले की समाज बुडतो. ज्या मायदेशाचे नाव घेऊन हे केले जाते, तो मायदेश दरम्यान पुष्कळ पुढे गेलेला असतो. वडीलधाऱ्यांच्या आठवणीतल्या देशाला निर्वासनाच्या दिवशीच कुलूप लागलेले असते. तिथे राहिलेल्या मुली कदाचित आज त्याच रीतींविरुद्ध भांडत असतील. निर्वासनात जन्मलेल्या पिढीने तीच रीत बदलली तर तो मात्र द्रोह का ठरावा? आजोबांनी निर्णय घेतला तेव्हा तो निष्ठा होता, तर नातीच्या निर्णयालाही तेच नाव मिळाले पाहिजे.

आणि मायदेशी राहिलेल्यांनीही फार वरच्या सुरात बोलू नये. बाहेर गेलेल्यांची संस्कृती भेसळीची आणि आमची शुद्ध, हा दावा इतिहासात टिकत नाही. इराणच्या शाह अब्बासने १६०४-०५ च्या सुमारास जुल्फा नगरातल्या आर्मेनियन लोकांना उचलून इस्फहानजवळ वसवले. त्यांचे व्यापारी वंशज दूरदूर पसरले. आर्मेनियन भाषेतले पहिले नियतकालिक निघाले ते १७९४ साली, आर्मेनियात नव्हे, मद्रासमध्ये. तिथे ज्यांनी ते छापले त्यांना आपल्या भाषेचे वाचक कोण हे ठरवावे लागले, तिचा टाइप ओतावा लागला. मायदेशातल्या कोणीही त्याआधी नियतकालिक काढले नव्हते.

स्पेनने १४९२ मध्ये आपल्या ज्यूंना हाकलले. त्यांतले बरेच ओटोमन साम्राज्यात गेले आणि थेसालोनिकी, इस्तंबूल अशा शहरांत त्यांनी आपली पंधराव्या शतकातली स्पॅनिश चारशेहून अधिक वर्षे बोलत ठेवली. स्पेनमध्ये जे उच्चार लोप पावले त्यांतले काही त्या भाषेत राहिले आणि सोबतीला तुर्की, ग्रीक, हिब्रू शब्द येऊन बसले. तिला आज लादिनो म्हणतात. थेसालोनिकीतली तिची बहुसंख्य घरे १९४३ मध्ये नाझींनी आउश्वित्झला पाठवली. २०१५ मध्ये स्पेनने कायदा केला की, या लोकांच्या वंशजांना नागरिकत्व मिळेल. अर्जदाराचे मूळ सिद्ध करण्यासाठी जे पुरावे चालणार होते त्यांत लादिनो भाषेचाही समावेश होता. त्याखेरीज स्पॅनिश भाषक देशांबाहेरच्या बहुतेक अर्जदारांना आजच्या स्पॅनिशची प्राथमिक परीक्षाही द्यावी लागणार होती, आणि पणजोबांच्या पणजोबांची स्पॅनिश घरात बोलत वाढलेली माणसेही त्या परीक्षेला बसली.